पहाटे गरम होणारी गाडी

ती चावी आधी खाली ठेव बघू. गाडी दारातच उभी आहे, कुठं पळून जात नाही. दर दोन मिनिटांनी बटण दाबून तिला बोलकं करायची काही गरज नाही. ठेवलीस? आता सरकून बसा सगळे. आणि ही गोष्ट कुठून ऐकली असं मला विचारू नका, कारण ज्याच्यावर बेतली तो माणूस माझ्या दुकानाच्या भिंतीपलीकडे वीस वर्षं बसत होता.

मी बॅटऱ्या विकायचो, तो गाड्यांना अलार्म, सेंट्रल लॉक आणि रिमोट स्टार्टर बसवायचा. रिमोट स्टार्टर म्हणजे घरातून बटण दाबलं की खाली गाडी आपोआप चालू होते आणि तुम्ही जिना उतरेपर्यंत आतून ऊबदार होऊन बसते. थंडीच्या गावात या धंद्याला मरण नाही. दिवसभर त्याच्या दुकानातून पीं-पीं, टीं-टीं चालायचं, म्हणून अख्खा बाजार त्याला बझरमामा म्हणे. त्याची बायको सांगायची, आमचे हे झोपेत कूस बदलतात तेव्हासुद्धा एकदा वाजतात.

तर दोन हिवाळ्यांपूर्वीचा मंगळवार. कडाक्याची थंडी, वारा अजिबात नाही. मामानं दुकानाचं शटर लवकर ओढलं आणि लेकीच्या घरी निघाला. पिशवीत नातीच्या बाटल्या उकळायचं भांडं होतं, आणि त्याच्याखाली फडक्यात गुंडाळलेलं त्याचं मीटर. हवेत रिमोटचा सिग्नल आहे की नाही आणि असला तर किती जोराचा, हे त्या मीटरचा काटा दाखवायचा. मला म्हणाला, लेकीच्या गल्लीत काहीतरी भानगड आहे, आज तिचा सोक्षमोक्ष लावून येतो. मी म्हटलं, सोक्षमोक्ष लावायला सेल नवे आहेत का मीटरमध्ये? तर हसला, माझ्याकडून नवे घेतले आणि गेला.

भानगड अशी होती. दोनेक आठवड्यांपासून त्या गल्लीत पहाटे गाड्या कुणाचं ऐकेनाशा झाल्या होत्या. कोपऱ्यावरची नर्स ड्यूटीला निघायची, चावीचं बटण दाबायची, गाडी ढिम्म. दाबत दाबत ती जवळ जवळ जाई, शेवटी चावी काचेला टेकवून दाबी, तरी नाही. समोरचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर तर आपल्या गाडीपुढे हात जोडून उभा राहिलेला लोकांनी पाहिला होता. थोड्या वेळानं सगळं आपोआप ठीक व्हायचं. रोज नाही, एक दिवसाआड. शनिवार-रविवार तर अगदी शांत. गल्लीतल्या निम्म्या गाड्यांची कुलुपं मामाच्या हातची, त्यामुळे बोलणी त्याच्या लेकीला. ती फोनवर म्हणायची, बाबा, तुमच्या नावानं इथं सकाळी सकाळी जप चालतो, आणि तो काही भक्तीचा नाही.

मामाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा, सगळे रिमोट एकाच बाजारात ओरडणारे विक्रेते आहेत. हवेतली वाट एकच. एखाद्याचं बटण अडकलं आणि तो एकसारखा बोंबलत राहिला, की बाकीच्यांचं गाडीला ऐकूच जात नाही. म्हणजे कुणाच्या तरी खिशात, नाहीतर ड्रॉवरमध्ये, अडकलेल्या बटणाचा एक रिमोट असणार. तो शोधायचा, सेल काढायचा, विषय संपला.

पण सोमवारी पहाटे लेकीची स्वतःची गाडी चालू झाली. कुणी हात न लावता. बंद गॅरेजमध्ये.

घर कसं होतं ते नीट ध्यानात घ्या. रस्त्याला लागून खाली गॅरेज, त्याचं हातानं ओढायचं शटर. गॅरेजच्या बरोबर वर एकच खोली, तिची खिडकी रस्त्याकडे. गॅरेजमधून एक लाकडी जिना सरळ त्या खोलीच्या दाराशी जायचा. खोलीत लेक आणि तिची तीन महिन्यांची मुलगी झोपायच्या. जावई शीतगृहात रात्रपाळीला. आता अशा घरात शटर खाली असताना इंजिन चालू राहिलं, तर धूर जाणार कुठं? लाकडी फळ्यांच्या फटींतून वर. त्या धुरातल्या विषाला वास नसतो. झोपलेलं माणूस खोकतसुद्धा नाही. झोपेतच...

मामा पोचला तेव्हा लेकीनं चेहरा हसरा ठेवला होता. चहा दिला, भांडं पाहून म्हणाली, आईनं झाकण पाठवलंच नाही वाटतं. मग बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पाठमोरी होऊन म्हणाली,

"बाबा, मी पाजायला उठले होते म्हणून कळलं. झोपले असते तर?"

मामा घरी चल म्हणाला. तर ती, आज येईन, उद्याचं काय? गाडीच्या भीतीनं घर सोडायचं का? हट्टी होती; त्याचीच मुलगी. बरं, मग निदान रात्रभर मी खाली बसतो, शटर सताड उघडं ठेवून, असं ठरलं.

गॅरेजमध्ये उतरताना मामाच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता, आणि तो जुळत नव्हता. गोंधळानं गाडी अडते, हे खरं. पण गोंधळानं गाडी चालू होत नाही. कितीही रिमोट बोंबलू देत, गाडी फक्त आपल्या ओळखीच्या रिमोटचं ऐकते. त्यातून दर वेळी तो रिमोट नवा संकेत पाठवतो, तो चोरूनही उपयोग नसतो. म्हणजे ही गाडी ज्यानं चालू केली, त्याच्या हातात तिचा खरा रिमोट होता.

आणि मग त्याला आपली चूक आठवली.

गाडी जुनी होती, पण मामाच्या ओळखीची. शिंपीकाकांची. काका जन्मभर शिवणकाम केलेले, आता म्हातारे, बायको आजारी. तिला आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिसला न्यावं लागे. काकांनी मामाकडूनच स्टार्टर बसवून घेतला होता. उन्हाळा असो की हिवाळा, ते वरच्या खिडकीत उभे राहून बटण दाबायचे, गाडी गरम झाली की मग काकूंना उचलून खाली आणायचे. गारठलेल्या सीटवर तिला कधी बसवलं नाही त्यांनी. पुढे एका पहाटे काका गेले, त्या खिडकीतच. काकूही महिन्याभरात गेल्या. पुतण्यानं गाडी विकायला काढली तेव्हा मामानं लेकीसाठी घेतली. दोनपैकी एकच रिमोट मिळाला, दुसरा घरात सापडला नाही म्हणाला पुतण्या.

आता या धंद्याची रीत अशी, की गाडी हात बदलते तेव्हा डॅशबोर्डखालच्या स्टार्टरच्या बॉक्समधली जुन्या रिमोटांची ओळख आधी पुसायची, मग नवे जोडायचे. नुसते नवे जोडले तर बॉक्स जुन्यांनाही ओळखत राहतो. मामा शिकाऊ पोरांना यावरून फैलावर घ्यायचा. पण त्या दिवशी लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. हा घाईत, हर्षात. नवे दोन रिमोट जोडले, चावी जावयाच्या हातावर ठेवली आणि नातीला बघायला धावला. पुसायचं राहून गेलं.

म्हणजे तो हरवलेला रिमोट कुणाला तरी सापडला आहे. चोर असेल, टवाळखोर असेल. तुम्ही आत्ता जे विचारणार तेच मीही त्याला नंतर विचारलं, की बाबा, सरळ बॉक्सच काढून टाकायचा ना. तर म्हणाला, गाडी गप्प बसली असती रे. पण माझ्या लेकीच्या दाराबाहेर पहाटे येऊन बटण दाबणारा तो कोण, हे कसं कळलं असतं? मला गाडी नको होती. मला तो माणूस हवा होता.

मामानं किल्ली फिरवून बॉक्सची सगळी ओळख पुसली. डॅशबोर्डखालचा दिवा एकदा लांब पेटून विझला. मग लेकीचे दोन रिमोट पुन्हा जोडले, एक स्वतःच्या खिशात टाकला, आणि गाडीच्या मागे एक खोकं पालथं घालून त्यावर बसला. शटर पूर्ण वर. मीटर गाडीच्या टपावर. अकराच्या सुमाराला लेक पांघरूण देऊन गेली. म्हणाली, चोर आला तर आधी त्याला वाजवून दाखवा, आपोआप पळेल. दोघं हसले. ती वर गेली. दिवा मालवला.

मंगळवार संपला. बुधवार लागला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या गाड्यांच्या काचांवर दव गोठत होतं. मीटरचा काटा शून्यावर पडून होता. कधीतरी लांबून एखादी गाडी जायची, काटा जागच्या जागी थरथरायचा, पुन्हा पडायचा.

पावणेचारला काटा उभा राहिला.

मामा ताठ झाला. पण घाबरला नाही, उलट मनात म्हणाला, दाब लेका, किती दाबायचं ते दाब, आता ही तुला ओळखत नाही. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कुणी नाही. काटा पडला. पुन्हा उठला. एक दाबणं, थोडं थांबणं. पुन्हा एक दाबणं.

डॅशबोर्डखालचा दिवा लुकलुकला.

मामा खोक्यावरून उभा राहिला. ओळख पुसलेल्या बॉक्सनं त्या सिग्नलला ओ दिली होती.

इंजिन चालू झालं.

त्यानं खिशातला रिमोट काढला, बंदचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाही. दुसरा सिग्नल सगळी हवा भरून होता, याचा आवाज पोचतच नव्हता. तोंडावर एक्झॉस्टचा गरम फवारा. वर फळ्यांच्या फटी... त्यानं पुढे धावत जाऊन बॉनेट उचललं. बॉनेट उघडलं की स्टार्टरनं इंजिन बंद करायचंच, तशी सोय असते. इंजिन बंद पडलं. मग तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला, बॉक्सच्या वायरी दोन्ही हातांनी उपटल्या आणि बॉक्स बाहेर काढला.

शांतता.

तो बाहेर आला. धापा टाकत. टपावर मीटर होतं.

काटा अजून हलत होता. उठायचा... पडायचा. उठायचा... पडायचा. बटण दाबून कुणी खाली बघावं, गाडी का चालू होत नाही म्हणून वाट पाहावी, आणि पुन्हा दाबावं. तसा.

मामानं मीटर हातात घेतलं. रस्त्यावर गेला. काटा खाली आला. नर्सच्या घरापर्यंत गेला. आणखी खाली. दुसऱ्या टोकाला गेला. तिथंही तेच. तो वळला. घराकडे येऊ लागला, तसा काटा चढू लागला. शटरपाशी आणखी. गॅरेजच्या आत आणखी. जिन्याच्या पायथ्याशी काटा पार कडेला जाऊन टेकला.

माणूस घरात होता.

लेक वर होती. बाळ वर होतं.

त्यानं पाना उचलला. चपला काढल्या. जिना चढला. दार लोटलेलं होतं. आत रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा पट्टा जमिनीवर. लेक भिंतीकडे तोंड करून झोपलेली. श्वास चालू. पाळणा खिडकीपाशी. पाळण्यात बाळ... श्वास चालू.

तिसरं कुणी नव्हतं.

त्यानं कपाटामागे पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. मग मीटर पुढे धरून एकेक पाऊल खिडकीकडे टाकलं. काच बंद होती. काचेवर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक गोल होता. तो विरत गेला.

पुन्हा उमटला.

विरला.

पुन्हा उमटला.

काटा त्याच तालावर हलत होता. मामाच्या हातातला पाना आपोआप खाली आला. सोमवार. आज बुधवार. मग शुक्रवार. शनिवार-रविवार शांत. आणि ही अशी वरची खिडकी. कोण आहे ते त्याला कळलं. चोर असता तर बरं झालं असतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

एकदाच काकू त्याच्या दुकानी आल्या होत्या, ते त्याला डोळ्यांपुढे दिसलं. शालीत गच्च गुंडाळलेल्या, कानटोपी घातलेल्या, आणि एक डावा हात तेवढा उघडा, बाहेर. मामा आधार द्यायला गेला तर शिंपीकाकांनी त्याला अडवलं. म्हणाले, तो हात दाबायचा नाही, सुया त्याच हाताला लावतात. दवाखान्यात गेल्यावर बाही वर करताना तिला त्रास नको, म्हणून ते घरूनच दुमडून आणायचे.

मामानं ओठ ओले केले. लेक जागी होऊ नये इतक्या हळू बोलला.

"काका... गाडी चालू करू नका."

काटा थांबला. वर, तसाच.

"काकू आता नाहीत. कुठं जायचं नाही आता पहाटे. खाली सगळं बंद असतं, धूर वर येतो. इथं... इथं माझी नात झोपते, काका."

काचेवरचा गोल विरला. मामा वाट पाहत राहिला. तो पुन्हा उमटला नाही.

काटा हळूहळू शून्यावर आला.

बाहेर नर्सच्या गाडीनं टीं-टीं केलं. दार उघडलं, लागलं, गाडी निघून गेली. गल्ली नेहमीसारखी झाली.

मामा खोलीच्या बाहेर आला. दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, दाराला पाठ टेकून बसला. त्याचा डोळा लागला नाही, हे तो शपथेवर सांगायचा. दार उघडलं नाही. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. आपलं ऐकलं त्यांनी, भला माणूस होता, असं स्वतःला समजावत तो उजाडेपर्यंत बसून राहिला.

सकाळी आतून लेकीची हाक आली. घाबरलेली नव्हती, जरा वैतागलेली होती. बापानं काहीतरी उलटसुलट करून ठेवावं आणि ते निस्तरावं लागावं, तशी.

"बाबा, बाळाला हे कसं गुंडाळलंत? आणि इतक्या पहाटे, कुठं निघाला होतात तिला घेऊन?"

मामा उठला. आत गेला.

बाळ पाळण्यात शांत झोपलेलं होतं. टोपरं घातलेलं, त्याचे बंद हनुवटीखाली नीट बांधलेले. लेकीची जाड शाल पायांपासून मानेपर्यंत गच्च लपेटलेली. बाहेर न्यायच्या तयारीत.

फक्त डावा हात उघडा होता. आणि झबल्याची त्या हाताची बाही खांद्यापर्यंत दुमडलेली होती... एकसारख्या, सपाट, शिंप्याच्या हातच्या घड्या घालून.